दुपारची चीज

अकोला, जुने शहर
मिती चैत्र शुद्ध १०, शके १७८६

राजश्री वामनराव यांसी,

भगवंतराव देशमुख यांचा नमस्कार. वि. वि. येथील क्षेम. तुमचे क्षेम मी विचारले नाही तरी तुमची बहीण रोज विचारते, तेव्हा लिहीत जावे.

तुम्हाला पत्र लिहिण्याची मला हौस नाही, हे आधी सांगून टाकतो. लग्नापासून आजवर आपण एकमेकांना सणावारी लिहिले ते कौशल्येच्या भिडेखातर. आज माझे स्वतःचे काम आहे आणि ते तुमच्यावाचून दुसऱ्या कोणाकडून होण्यासारखे नाही. हे लिहिताना किती जड जाते आहे ते तुम्ही ओळखालच, आणि ओळखून खूशही व्हाल.

फाल्गुनात अकोटकडच्या शेतातला कापूस घेऊन मी तुमच्या साहेबाच्या बंगल्यावर आलो होतो. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला सोन्याचे मोल आलेले. ओसरीवर आम्ही सगळे रुईचे नमुने मांडीवर घेऊन बसलो होतो. तेवढ्यात आतून मडमसाहेबांचा तो काळा बाजा वाजू लागला. पियानो म्हणतात त्याला. मी भजन ऐकले आहे, गोंधळ ऐकला आहे, नागपूरच्या गवयाचे गाणेही ऐकले आहे. असे कधी ऐकले नव्हते. साहेबाच्या दलालाने भाव विचारला, मी उत्तर दिले नाही. शेजारच्याने कोपर मारले तरी मी तसाच. बाजा थांबला तेव्हा माझी पाळी निघून गेली होती.

आता खरी गोष्ट. गेल्या पावसाळ्यातल्या तापानंतर माझा उजवा कान गेला. डावा जातो आहे. वैद्यांनी लसणाचे तेल घातले, हकिमाने धुरी दिली. दोघेही म्हणतात की येत्या थंडीपर्यंत हाही बंद होईल. तो बंद होण्याआधी ती चीज मला पुन्हा एकदा ऐकायची आहे. तिचे नाव काय, मडमसाहेब ती पुन्हा वाजवतील काय, आणि त्या जातीचे आणखी ऐकण्यासारखे काय आहे, एवढे विचारून कळवा. तुम्ही इंग्रजी शिकलात, त्या घरात नोकरीला आहात. त्याचा टेंभा आमच्याकडे पुष्कळ मिरवलात, आता एकदा उपयोग होऊ द्या.

लोभ असावा असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो.

भगवंतराव


अमरावती
मिती चैत्र वद्य ६, शके १७८६

राजमान्य राजश्री भगवंतराव दाजी यांचे सेवेसी,

वामनराव याचे कृ. सा. न. वि. वि. आपले पत्र पावले. दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा वाटले की कोणी आपल्या नावाने थट्टा केली आहे.

दाजी, साहेबांच्या बंगल्यात शिरण्यासाठी वऱ्हाडातले लोक काय काय करतात ते मी रोज पाहतो. एकजण खरबुजांची पाटी आणतो. एकाने सेमाडोहाच्या रानातून हरणाचे पाडस धरून आणून मडमसाहेबांना नजर केले. परवा एकाचे पोट दुखत होते आणि ते साहेबांच्या कपाटातल्या औषधावाचून थांबणार नव्हते. औषध घशाखाली उतरते न उतरते तोच त्याने कापसाचा भाव काढला. आपण मात्र सर्वांवर ताण केलीत. आपल्याला पियानो आवडला! मानाच्या शेल्याला जरतार कमी म्हणून ज्या गृहस्थांनी माझ्या बहिणीच्या लग्नात भर मांडवात पाठ फिरवली आणि सनईवाल्यांनाही गप्प बसवले, त्यांना आता सुरांवाचून करमत नाही.

कानाचे वाचून वाईट वाटले असते. पण कान जात असलेल्या माणसाला ओसरीवर बसून आतले ऐकू आले कसे, हे मला उमजले नाही.

तरी आपण वडील आणि मी मुलीकडचा, नाही म्हणण्याची मला सोय नाही. ती चीज कशी होती ते लिहा. कोणत्या वेळी ऐकलीत, तिच्यात काय होते. खरोखर ऐकली असेल तर सांगता येईल. उत्तरात कापसाचे नाव निघाले नाही, तर मी मडमसाहेबांकडे गोष्ट काढीन.

ताईस नमस्कार. आपली कृपा आहेच. ती वाढवावी की आटोपती घ्यावी हे आपल्या हाती.

वामनराव


अकोला
मिती वैशाख शुद्ध १, शके १७८६

वामनराव यांसी,

नमस्कार. वि. वि. तुमचे पत्र वाचले आणि पानाचा डबा भिंतीवर मारला. डब्याला पोचा आला आहे.

डावा कान अजून चालतो, म्हणून ऐकू आले. माणसाला कान दोन असतात, एवढे तरी तुमच्या शाळेत शिकवले असेल.

आता घ्या परीक्षा. डावा हात खाली एकसारखा चालत होता, भरली बंडी ओढणाऱ्या बैलांसारखा, घाई नाही की थांबा नाही. उजवा हात वर होता आणि तो उशिरा येत होता. बंडीच्या मागून डोक्यावर भारा घेतलेली बाई चालते ना, तशी. मागे पडते, बांधावर थबकते, आता ही राहिलीच असे वाटते, आणि वळणावर पाहावे तर बैलांच्या बरोबरीला. बैल तिच्यासाठी थांबत नाहीत आणि तीही धावत नाही. मधे एकदा दोन्ही हात रागावले, मोठा गलका झाला. मग पुन्हा तीच चाल, पण आता तिच्यातले काहीतरी गेलेले होते. शेवटी फार हळू झाले. मला ते इतके आवडले की मला राग आला. एवढी वर्षे हे जगात होते आणि मला कोणी सांगितले नाही.

वेळ म्हणाल तर दुपार, तिसरा प्रहर. म्हणजे ती दुपारची चीज असली पाहिजे. भूपाळी कोणी संध्याकाळी म्हणत नाही आणि शेजारती कोणी सकाळी करत नाही. साहेबलोकांतही काही रीत असेलच. तेव्हा दुपारच्या चिजा कोणत्या तेवढे विचारा, म्हणजे हुडकायला सोपे जाईल.

कापसाचे म्हणाल तर माझा माल मुंबईच्या व्यापाऱ्याने उचलला. तुमच्या साहेबाशी मला कर्तव्य नाही.

तुम्हाला सवड होईल तेव्हा लोभ करा.

भगवंतराव


अमरावती
मिती ज्येष्ठ शुद्ध ७, शके १७८६

राजमान्य राजश्री भगवंतराव दाजी यांचे सेवेसी,

कृ. सा. न. वि. वि. मडमसाहेब उन्हाळाभर चिखलदऱ्यास होत्या, म्हणून उत्तरास विलंब. आपले बैल आणि भारा घेतलेली बाई मी त्यांना इंग्रजीत करून सांगितली. त्या इतक्या हसल्या की बशीत चहा सांडला. मग पुन्हा सांगा म्हणाल्या.

नव्या माणसाने काय ऐकावे ते त्यांनी मला नीट बसवून सांगितले. आरंभ वॉल्ट्झपासून करावा. तो नाचाचा प्रकार, तीन मात्रांचा, पहिलीवर जोर, डोके आपोआप डोलू लागते. मग माझुर्का. तोही नाचच, पण पोलंड देशाच्या खेड्यातला. त्यात जोर भलत्याच मात्रेवर पडतो, पाय अडखळल्यासारखा होतो आणि त्यातच गंमत आहे. हे उत्तम रचणारा मनुष्य त्याच देशचा. देश सोडून पॅरिसास राहिला आणि चाळिशीच्या आत क्षयाने गेला. एट्यूड म्हणजे बोटांची तालीम, पण त्याने तालमीचेही गाणे करून ठेवले आहे. आणखी एक हंगेरी देशाचा आहे, तो हयात आहे. त्याच्या चिजा वाजवणाऱ्याला दहा बोटे पुरत नाहीत आणि ऐकणारा दमतो, म्हणून त्याला मागाहून घ्यावे. एक जर्मन होता, त्याचे बालपणाच्या आठवणींचे लहान लहान तुकडे आहेत. तो बिचारा शेवटी वेड्यांच्या इस्पितळात वारला. त्याचे भरल्या दिवाणखान्यात ऐकू नये, एकट्याने ऐकावे असे मडमसाहेब म्हणतात.

नॉक्टर्न म्हणून आणखी एक जात आहे, तिचा अर्थच रात्रीची चीज. ती मी यातून काढून टाकली. आपण दुपारी ऐकलीत, तेव्हा तिचा प्रश्न येत नाही. मडमसाहेब त्याविषयी काही सांगू लागल्या होत्या, पण आम्हाला दिवसाचेच हवे असे मी त्यांना सांगितले.

त्या वाजवून दाखवायला राजी आहेत, केव्हाही आणा म्हणाल्या. मी मात्र आपणास दसऱ्यानंतरची वेळ देतो. तोवर साहेबांचे या सालचे आगाऊ सौदे पक्के होतील. त्यानंतरही आपली गाण्याची आवड टिकली, तर मी माझे शब्द मागे घेईन. आपला कान तोवर दम धरीलच.

ताईस नमस्कार. कृपालोभाची घाई नाही.

वामनराव


अकोला
मिती श्रावण शुद्ध ३, शके १७८६

चिरंजीव वामनास कौशल्येचा आशीर्वाद. पुढील मजकूर बाईंनी तोंडी सांगितला तसाच लिहिला आहे, त्यांनी एक अक्षर बदलू दिले नाही. लिहिणार जोशीबुवा.

वामन्या, तू काहून असा करून राहिला रे? दसरा काय तुह्या घरचा नोकर हाय? यायले खरंच आयकू येत नाई. काल गोठ्यात गाय यायच्या उजव्या अंगाले हंबरत होती, हे तिच्या म्होरून तसेच निंघून गेले. मी हाका मारते तं मले वाटते रागानं बोलत नाईत, मंग समजते का आयकूच आलं नाई. सकाळी देवघरातली घंटी डाव्या कानापाशी धरून वाजवतात, अन् तशीच ठेवून देतात.

तुले वाटते हे कापसासाठी सोंग करून राहिले. अरे, या माणसाले सोंग येत असतं तं लग्नाच्या मांडवात तोंड पाडून बसला असता का? मनात येते ते तोंडावर येते, तेच तं मी इतकी वर्स भोगून राहिली. त्यायले तू आवडत नाई, मले माईत हाय. तुले ते आवडत नाईत, तेबी माईत हाय. तुमच्या दोघांच्या मंधात मी भरडून निंघाली. पन ज्याचा कान चालला त्याले दिवाळीच्या तोंडी बोलवून काय दिवे दाखवशीन? रस्ता वाळला का बोलव. नाई बोलवलं तं भाऊबीजेले ताट घेऊन बसनार नाई मी.


अकोला
मिती आश्विन शुद्ध ३, शके १७८६

वामनराव यांसी,

नमस्कार. वि. वि. तुमच्या बहिणीने तुम्हाला काय लिहिले ते ती सांगत नाही, पण त्यानंतर तुमचे बोलावणे आले आणि भाद्रपदाच्या अखेरीस मी तुमच्याकडे येऊन गेलो. वाटेत बैलांची दमणी काळ्या मातीत दोनदा रुतली. त्याची तक्रार नाही.

मडमसाहेब भल्या बाई. मला डावा कान बाज्याकडे येईल अशी खुर्ची दिली. त्यांनी वॉल्ट्झ वाजवला, माझुर्का वाजवला, बोटांची तालीम वाजवली. अर्धेमुर्धे ऐकू आले. माझुर्का चांगला आहे, दंडारीत नाचणारा गडी मुद्दाम पाय चुकवतो तसा. पण ज्यासाठी आलो ती चीज यात नव्हती. प्रत्येक वेळी तुम्ही भुवया उडवून विचारीत होता आणि मी नाही म्हटले की तुमच्या तोंडावर दिसत होते, बघा याची सोंगे.

अकोल्याच्या वाटेला लागण्याआधी फाटकाशी बंगल्यातली आया भेटली, माणिकबाई. बाईसाहेब दुपारी काय वाजवतात म्हणून तिला विचारले. ती म्हणाली की साहेब वखारीत गेले का बाईसाहेब ते रातचंच वाजवून राहतात. साहेबाला ते रडके वाटते, म्हणून तो घरी नसताना. मी तिथूनच मागे फिरलो असतो, पण बंगल्याच्या दारात गाडी जुंपलेली होती. साहेब आणि मडम एलिचपूरच्या छावणीकडे निघाले होते.

वामनराव, भूपाळीचे शहाणपण माझे, ते मी पदरात घेतो. पण मडमसाहेब सांगत असताना त्यांना थांबवलेत ते तुम्ही. ज्येष्ठात त्या केव्हाही आणा म्हणाल्या, रस्ते कोरडे होते, माझा कान आजच्या दुप्पट चालत होता, आणि तुम्ही मला दसरा दाखवलात. हे मी विसरणार नाही.

पुन्हा केव्हा येऊ तेवढे लिहा. लोभाचे मागाहून पाहू.

भगवंतराव


अमरावती
मिती आश्विन शुद्ध १२, शके १७८६

राजमान्य राजश्री भगवंतराव दाजी यांचे सेवेसी,

कृ. सा. न. वि. वि. आपण निघा. मडमसाहेब परतल्या आहेत. मी त्यांना सर्व सांगितले. त्या म्हणाल्या की ती चीज रात्रीविषयी आहे, ती ऐकायला रात्र लागत नाही, आणि मी तोंड उघडू दिले असते तर हे ज्येष्ठातच सांगितले असते. कचेरीतले लोक ऐकत असताना म्हणाल्या.

आपल्यापुढे मान खाली घालून उभा राहीन असे समजू नका. पण या.

वामनराव


अकोला
मिती कार्तिक वद्य ९, शके १७८६

वामनराव यांसी,

नमस्कार. वि. वि. दिवाळीआधी तापाने मला पुन्हा धरले आणि निघायला महिना गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. भाऊबीजेला तुम्ही आला नाहीत. कौशल्या ताट करून दिवेलागणीपर्यंत बसली होती.

ठाऊक नाही ते आता लिहितो. मी अखेर आलो त्या दिवशी मडमसाहेबांनी वाजवले तेव्हा मला काही ऐकू आले नाही. एक सूरही नाही. डावा कान त्या तापातच गेला होता. कौशल्येला बोललो नाही, नाहीतर तिने निघू दिले नसते. तुम्ही बोलत होता त्याला मी नुसते हं हं करीत होतो. वाटले होते की बाज्याला अगदी खेटून बसलो तर काहीतरी येईल.

त्यांची बोटे दिसत होती. डावा हात चालत होता. उजवा मागे राहत होता, निदान मला तसे दिसले. वाजवून झाल्यावर त्या वळल्या आणि माझ्याकडे इतक्या आशेने पाहू लागल्या की मी मान हलवली आणि हात जोडले. त्यांना वाटते आहे की मला मिळाले. त्यांना खरे सांगाल तर गाठ माझ्याशी आहे.

आता एकच विचारतो. ती तीच होती काय? फाल्गुनात तुम्ही बंगल्यावर होता आणि आताही होता. दोन्ही वेळचे सांगू शकेल असा माझ्या ओळखीचा दुसरा माणूस नाही. तुमच्या शब्दावर मी आजवर कधी भरवसा ठेवला नाही, तरी तुम्हालाच विचारावे लागते आहे. खरे लिहा.

भगवंतराव


अमरावती
मिती मार्गशीर्ष शुद्ध २, शके १७८६

राजमान्य राजश्री भगवंतराव दाजी यांचे सेवेसी,

कृ. सा. न. वि. वि. तीच होती.

आपले पत्र आले त्या दुपारी मी कचेरीतून उठून बंगल्यावर गेलो आणि मडमसाहेबांना ती पुन्हा वाजवायला सांगितली. कारण सांगितले नाही. डावा हात आपण लिहिला तसाच, बैलांचा. बाई मागे पडते, थबकते, पुन्हा गाठते. गलका होतो तेव्हा मला वाटले की कोणीतरी तिला परत फीर म्हणून ओरडते आहे. पुढे बैल गावात शिरतात आणि ती अजून शिवेवरच असते. मग ती येते, भारा उतरवते. बैल थांबलेले असतात. नंतर वर एकच सूर उरतो. तो त्या बाईचा, की बैलाने मान हलवली म्हणून वाजलेल्या घुंगराचा, हे मला ठरवता आले नाही. मडमसाहेबांनी हात काढून घेतले तरी तो काही वेळ होता.

तीन वर्षे मी या घरात येतो जातो. हा बाजा मला पलीकडच्या खोलीतला गलबला वाटे. आता तो ऐकू येतो आहे आणि ऐकताना आपण हात जोडून बसलेले डोळ्यांपुढे येता. दाजी, माझ्याने जेववत नाही. आपल्यावरचा राग गेला असे म्हणणार नाही, शेल्याचे मी मरेपर्यंत बोलून दाखवीन. पण ज्येष्ठात मी आपणास बोलवायला हवे होते.

ताईस साष्टांग नमस्कार. लोभ मागण्यासारखे तोंड राहिलेले नाही.

वामनराव


अकोला
मिती मार्गशीर्ष शुद्ध ९, शके १७८६

वामनराव यांसी,

नमस्कार. वि. वि. पत्र पावले. तुम्ही खोटे लिहिलेत.

फाल्गुनातल्या त्या दुपारी तुम्ही बंगल्यात नव्हता. माझ्या देखत साहेबाबरोबर वखारीकडे गेला होता. तेव्हा तीच की दुसरी, हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नव्हता. हे मला पहिल्यापासून ठाऊक होते. तुम्ही माझी परीक्षा घेतली होती, मीही तुमची घेतली. मला माहीत नाही असे लिहिले असते, तर खरे बोललात म्हणून मी मान डोलावली असती आणि पुन्हा तुम्हाला कधी पत्र पाठवले नसते. माझी कीव येऊन तीच म्हणालात. मला तुमची कीव नको.

पण शेवट मी तुम्हाला लिहिला नव्हता. फार हळू झाले, एवढेच लिहिले होते, कारण पुढचे मलाच आठवत नव्हते. किती महिने त्याच्यासाठी डोके धरून बसलो. तुमच्या पत्रात बाईने भारा उतरवला आणि तो वरचा सूर मला आठवला. सगळा शेवट आठवला. घुंगराचा होता, बाईचा नव्हे. तुमचे कान अजून कच्चे आहेत. तेव्हा चीज तीच होती, त्यात वाद नाही.

कौशल्या समोर बसली होती. मी का रडतो म्हणून तिने हाताने खुणावून विचारले. तुझा भाऊ खोटारडा आहे, असे मी तिला सांगितले.

आता दर रविवारी तुम्ही मडमसाहेबांकडे जाऊन बसायचे. त्या हंगेरीवाल्याचे, त्या वेड्या झालेल्या जर्मनाचे, रात्रीच्या जेवढ्या असतील तेवढ्या, सगळे ऐकायचे आणि मला लिहायचे. नावे नकोत. काय चालते, कोण मागे राहते, शेवटी काय उरते, ते लिहा. मी तुम्हाला माफ केलेले नाही आणि करणारही नाही. माझे ऐकण्याचे दिवस तुम्ही खाल्लेत, ते तुमच्या कानांनी भरून द्या.

लोभ नसला तरी चालेल. पत्र असावे.

भगवंतराव